पापनाशमची धान्यकोठी आणि तंजावरची बांधकाम-व्यवस्था

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना लागणाऱ्या पापनाशम गावालगत, तिरुप्पालैत्तुरै येथील पालैवननाथाच्या शिवालयाच्या आवारात, विटांची एक प्रचंड वर्तुळाकार धान्यकोठी उभी आहे. सुमारे ३६ फूट उंचीची आणि ३,००० कलम भात मावेल एवढी ही वास्तू (कलम हे बारा मरक्काल भरणारे तमिळ प्रदेशातील जुने धान्यमाप) तंजावरच्या नायक राजवटीत, १६०० ते १६३४ या काळात बांधली गेली, असे मानले जाते. कावेरीच्या खोऱ्यात राज्याचा सारा आणि देवस्थानांचे उत्पन्न यांचा मोठा भाग भाताच्याच रूपाने जमा होत असल्याने साठवण हा तेथे राज्यकारभाराचाच प्रश्न होता. श्रीरंगमच्या देवळातही अशाच गोल कोठ्या आहेत, त्या याच कारणाने.

वर्तुळाकार आराखडा ही केवळ हौस नव्हती. साठवलेले धान्य भिंतीला बाहेरच्या बाजूने रेटते. चौकोनी कोठीत हा रेटा सरळ भिंतींना मध्यभागी वाकवू पाहतो व कोपऱ्यांशी ताण साचतो, तर गोल भिंतीत तो सगळ्या घेरावर सारखा वाटला जातो, शिवाय कोपऱ्यांत धान्य अडकून कुजण्याची भीतीही उरत नाही. असा हिशेब मनाशी पक्का असल्याखेरीज एवढी कोठी उभी राहत नाही.

हा हिशेब करणारे कोण, याचे उत्तर आजच्या वास्तुविशारद संस्थांच्या धर्तीवर शोधणे चुकीचे ठरेल. त्या काळी आराखडा, मोजणी, सामग्री आणि देखरेख ही सारी कामे स्थपती, म्हणजे शिल्पशास्त्र जाणणारा प्रमुख कारागीर, आणि त्याच्या हाताखालचे गवंडी, पाथरवट व सुतार यांच्याकडे असत. विद्या घराण्यातून चाले आणि पैसा राजाकडून किंवा देवस्थानाकडून येई. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील शिलालेखात कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन या प्रमुख शिल्पकाराचे नाव कोरलेले आहे, पण असा मान क्वचितच मिळे. नायककाळातील बांधकामांचे श्रेय रघुनाथ नायक आणि त्याचा मंत्री गोविंद दीक्षित यांना दिले जाते, ते योग्यही आहे. मात्र आश्रयदाता आणि रचनाकार यांना एकच समजण्याची सवय इतिहासलेखनाला फार महागात पडली आहे.

पुढे भोसले घराण्याची सत्ता आल्यावरही बांधकाम राजाश्रयावरच चालले. सरफोजी दुसरा यांनी १८१४ च्या सुमारास समुद्रकाठी उभारलेला मनोरा हे त्याचे ठळक उदाहरण होय. रचनाकाराचे नाव पुढे येऊ लागले ते व्यावसायिक संस्थांच्या काळात. मद्रासच्या माउंट रोडवरील, १९५९ मध्ये खुल्या झालेल्या आयुर्विमा महामंडळाच्या उंच इमारतीचा आराखडा ब्राउन व मूलिन या लंडनच्या वास्तुविशारदांनी सुरू केला आणि काम एल. एम. चितळे यांनी पूर्णत्वास नेले, हे सहज सांगता येते. पापनाशमच्या कोठीबाबत राजाखेरीज कोणाचे नाव घेतले जात नाही. तमिळनाडूच्या पुरातत्त्व विभागाने ती संरक्षित स्मारक म्हणून घोषित केली आहे. तरी तंजावरच्या स्थापत्याचा इतिहास जोवर गोपुरे व विमाने यांच्यापुरताच लिहिला जातो, तोवर तो अपुराच म्हणावा लागेल.