मनाचा आजार आणि पोटातली गोळी : सर्पगंधेची गोष्ट

मनाच्या आजारावर गोळी लिहून दिली की नातेवाईकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "त्रास मनाला आहे, मग गोळी पोटात कशाला?" प्रश्न रास्त आहे. मन म्हणजे मेंदूतली रसायनंच, की त्याहून वेगळं काही? या प्रश्नाच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं पान मुंबईत लिहिलं गेलं, आणि तेही बीपीच्या औषधामुळे.

मुळीपासून गोळीपर्यंत

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी वनस्पती. झोप येत नसेल किंवा माणूस वेडाच्या भरात असेल, तर त्याला शांत करण्यासाठी तिची मुळी दिली जाई. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब, या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या रुग्णांवरचे आपले अनुभव ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापले. त्यानंतर जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. दोनच वर्षांत न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिल्याचा अहवाल आला. अनेक जण शांत झाले होते. १९५७ चा मानाचा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाला : एकाला रक्तदाबासाठी, दुसऱ्याला मनासाठी. औषध मात्र एकच होतं.

उलटी बाजू

याच काळात बीपीसाठी रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खूप उदास होतात, असं डॉक्टरांना दिसलं. १९५५ मध्ये प्रयोगशाळेत कळलं, की हे औषध प्राण्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन कमी करतं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा दिलं, आणि ते थोड्याच वेळात हालचाल करू लागले. कंपवातावरचं आजचं औषध याच वाटेने आलं. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

मग अनेकांनी सरळ हिशेब मांडला : रसायन कमी झालं की माणूस उदास, भरून काढलं की बरा. पण तो पूर्ण जुळला नाही. रिसर्पिन घेणारे बहुतेक लोक उदास झालेच नव्हते. जे झाले, त्यातल्या बऱ्याच जणांना आधीही तसा त्रास होऊन गेला होता. नैराश्याचं कारण फक्त सेरोटोनिनची कमतरता आहे, याला ठोस पुरावा नाही, असं २०२२ मधल्या एका मोठ्या आढाव्यानेही सांगितलं.

मग मन म्हणजे काय?

आपलं तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखलं जातं. एक सुतळी बॉम्ब फुटला की सगळ्यांचेच कान तो आवाज टिपतात, अनेकांची छातीही धडधडते. हे सगळं यंत्राने मोजता येतं. पण त्या आवाजाने एकाला दिवाळी आठवते आणि दुसऱ्याला कारखान्यातला अपघात. हा फरक त्याच्या मेंदूत कुठेतरी असणारच, पण तो कळायला त्या माणसाचं आयुष्य ऐकावं लागतं. मेंदूशिवाय मन दिसत नाही, एवढं वैद्यकशास्त्र खात्रीने सांगतं. सगळं मन रसायनांच्या भाषेत सांगता येईल का, हा वाद अजून मिटलेला नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ

नैराश्य म्हणजे मनाचा कमकुवतपणा नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. गोळीने फरक पडतो, कारण मन शरीरातच नांदतं. बोलण्यानेही फरक पडतो, कारण कर्ज, नापिकी, घरातला मृत्यू यांचं दुःख नुसत्या गोळीला कळत नाही. अनेकांना दोन्ही लागतं.

सुरू असलेली गोळी स्वतःहून बंद करू नका. सर्पगंधेची मुळी किंवा चूर्ण मनाने घेऊ नका. बीपी फार उतरू शकतं, उदासी वाढू शकते. जीव नकोसा वाटत असेल, तर घरच्यांना लगेच सांगा आणि १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे दिवसरात्र कुणीतरी ऐकायला असतं.