पावसातील एकटा प्रवासी

कालिदासाच्या ‘शाकुंतला’ची मुक्तकंठाने स्तुती करणारा जर्मन कवी म्हणून गटे मराठी रसिकांस ठाऊक असतो. ती स्तुती १७९१ सालची. त्याच्या पाच वर्षे आधी, १७८६ च्या सप्टेंबरची ३ तारीख उजाडली तेव्हा, पहाटे तीनच्या सुमारास हाच गटे कार्ल्सबाड येथील मित्रमंडळीस न सांगता चालता झाला. सामान म्हणजे एक वळकटी आणि बिज्जूच्या कातड्याची एक पिशवी. बरोबर नोकर नाही, सोबती नाही आणि खरे नावही नाही. वाटेत तो म्योलर नावाचा सामान्य प्रवासी होता.

हे पलायन गरिबाचे नव्हते. सदतीस वर्षांचा गटे त्या वेळी वायमार संस्थानाचा मंत्री होता. खाणी, सैन्यभरती, खजिना, रस्तेबांधणी ही सारी खाती दहा वर्षांत त्याच्या गळ्यात पडली होती आणि कविता मागे पडत चालली होती. ज्याच्या ‘वेर्थर’ कादंबरीने १७७४ साली अवघ्या युरोपास रडविले, तो दप्तरे तपाशीत बसला होता. वडिलांनी १७४० मध्ये इटली पाहिली होती. त्यांनी आणलेली गोंडोल्याची खेळण्यातली प्रतिकृती लहानपणी घरात होती. त्या देशास एकदा एकट्याने जावे, ही ओढ अखेर आवरेनाशी झाली.

जर्मनीत तो उन्हाळा पावसाचा गेला होता. आल्प्स ओलांडताना गटे सतत आकाशाकडे पाहात होता. पर्वतांच्या आकर्षणाने हवेत फेरफार होऊन ढग जमतात वा विरतात, असा एक तर्कही त्याने बांधला. तो पुढे शास्त्रास मान्य झाला नाही, परंतु पाऊस टाळण्यासाठी निघालेल्या माणसाने पावसाचे शास्त्र रचीत जावे, यात त्याचा स्वभाव दिसतो. पाऊस मात्र टळणार नव्हता. शरद म्हणजे निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणे, ही आपल्याकडील समजूत इटलीत उपयोगी पडत नाही. तेथील पुष्कळ शहरांत ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच ओले महिने होत.

२८ सप्टेंबरला तो व्हेनिसला पोहोचला. तेथील प्रजासत्ताक अजून उभे होते. नेपोलियनच्या धडकेने ते कोसळावयास अकरा वर्षांचा अवकाश होता. एकटेपणाचे खरे सुख त्याला येथे मिळाले, आणि तेही गर्दीत. ज्या शहरात आपणास कोणीच ओळखीत नाही, तेथील अरुंद गल्लीतल्या रेट्यात माणूस जितका एकटा असतो तितका अरण्यातही नसतो, असे त्याच्या प्रत्ययास आले. चर्च, चित्रे, नाटके, न्यायालयातील वादविवाद, सारे त्याने पाहिले. पण ऑक्टोबरच्या पहिल्याच रविवारी त्याचे लक्ष खिळले ते रस्त्यांवरील घाणीवर.

व्हेनिसचे रस्ते मुळात उत्तम रचलेले होते. दूरच्या वस्तीतसुद्धा फरसबंदी वा उभ्या विटांची बांधणी. गरज तेथे मध्ये उंचवटा, कडेस पन्हळ, आणि पाणी झाकलेल्या गटारांत जावे अशी सोय. इतके असूनही केर कोपऱ्यात लोटलेला. तो खतासाठी नेणाऱ्या बोटी येत, परंतु त्या कारभारात ना नियमितपणा ना कडकपणा. मग पाऊस पडला की व्हायचे ते होई. चिखल पसरे, लोक पायमोजे आणि जोडे घालून हिंडत, पूल चढता-उतरता त्यांचे लांब झगे त्यात लोळत, जो तो शिव्या देई. ऊन पडताच सगळे विसरले जाई. पाण्याचा निचरा ज्या नगरीने शतकानुशतके साधला, तिला झाडूचा नियम साधू नये, ही गोष्ट गटेला सोसवेना. चालता चालता त्याने मनातल्या मनात रस्तेसफाईची एक नियमावलीच तयार केली. दुसऱ्याच्या दारापुढे झाडण्याची माणसाला भारीच हौस, असे तो स्वतःलाच हसतो. वायमारची दप्तरे टाकून पळालेला रस्तेमंत्री व्हेनिसच्या चिखलात पुन्हा दप्तरच उघडून बसला! प्रवासात माणूस नाव बदलू शकतो. नजर बदलणे तितके सोपे नसते.

ऑक्टोबरच्या मध्यास व्हेनिस सोडून फेरारा व चेंतो या मार्गाने १८ तारखेस तो बोलोन्यास आला. येथे पावसाशी निराळाच व्यवहार झालेला होता. या जुन्या, विद्यावंत नगरीतील बहुतेक रस्त्यांना दुतर्फा कमानींचे छत आहे आणि त्याखाली लोक ऊनपावसाची पर्वा न करता हिंडतात, पाहतात, सौदे करतात, असे त्याने लगेच टिपून ठेवले. थोडक्यात टिपले, पण ते छत आले कोठून, ही हकीकत खरोखर मोठी आहे.

बोलोन्याचे विद्यापीठ युरोपातील सर्वांत जुने. त्याची स्थापना परंपरेने १०८८ ची मानतात. विद्यार्थी आले, वस्ती दाटली. घरमालकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि त्यांना खाली लाकडी खांबांचे टेकू दिले. अन्य शहरांतून अशी अतिक्रमणे पाडली गेली. बोलोन्याने उलट केले. १२८८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या घरापुढे असा ओटा सक्तीचा झाला, नसेल तेथे तो जोडावा असे ठरले. घोडेस्वारासही जाता यावे म्हणून उंची निदान सात बोलोनी फूट, म्हणजे सुमारे २ मीटर ६६ सेंटिमीटर. जागा मालकाची, डागडुजीही मालकाची. वाट मात्र सर्वांची. १५६८ मध्ये लाकडाच्या जागी दगड-विटा वापरण्याचा हुकूम निघाला, तरी काही ओक वृक्षाचे उंच खांब आजही उभे आहेत. शहरातील या कमानींची एकूण लांबी ६२ किलोमीटर भरते. २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात स्थान दिले.

सर्वांत लांब ओळ सान लूकाच्या टेकडीवर चढते. १४३३ मध्ये पावसाने पिके बुडू लागली तेव्हा टेकडीवरील मेरीमातेची प्रतिमा मिरवणुकीने शहरात आणली, आणि परंपरा सांगते की पाऊस थांबला. तेव्हापासून ती मिरवणूक दरवर्षी निघते. तरीही १६७४ साली नगरवासीयांनी त्या वाटेवर छत उभारावयास घेतले, आणि ते वाढत वाढत ६६६ कमानींचे, जवळजवळ चार किलोमीटरांचे झाले. श्रद्धा अढळ होती; पण भिजत जाण्याची तिला गरज वाटली नाही.

गटे मात्र फार थांबला नाही. बोलोन्याजवळील पादेर्नोला घोड्यावरून जाऊन, पावसाने कोरलेल्या घळींतून त्याने तेथील प्रसिद्ध जड दगड वेचले. हा दगड भाजून उन्हात धरला की अंधारात उजळतो. त्याची उपमा त्याने ‘वेर्थर’मध्ये आधीच वापरली होती. मग ॲपेनाइन्सच्या रस्त्यावरील दरिद्री खाणावळी आल्या. फ्लोरेन्स त्याने अवघ्या तीन तासांत आटोपले. कलाप्रेमी वाचक ही गोष्ट त्याला आजही क्षमा करीत नाहीत. असीसीला त्याने भाड्याची गाडी पुढे पाठवून दिली आणि जोराच्या वाऱ्यात एकटाच पायी टेकडी चढला. सेंट फ्रान्सिसच्या भव्य मंदिराकडे पाठ फिरवून तो मिनर्व्हाचे रोमन देवालय पाहून परतला, तेव्हा वाटेत शिपायांनी त्यास चोरटा व्यापारी समजून अडविले. मोठे मंदिर न पाहता जाणारा एकटा परका त्यांना संशयास्पद वाटला, यात त्यांची फारशी चूक म्हणता येत नाही.

ऑक्टोबरअखेरीस तो पोर्ता देल पोपोलो या वेशीतून रोममध्ये शिरला. ती कमान डोक्यावर आली तेव्हा कोठे, आता रोम आपले झाले, अशी त्याची खात्री पटली. त्या वस्तीच्या चर्चच्या नोंदवहीत त्या वर्षी कोणी मंत्री नाही की कवी नाही. आहे तो एक जर्मन चित्रकार, फिलिप्पो मिलर.