ऑनलाइन कॉलेज अभ्यासक्रम : विद्यार्थ्याकडून कोणत्या अपेक्षा असतात?

बडोद्यातील आपल्या सभासद-कुटुंबांपैकी किती तरी घरांत सध्या कोणी ना कोणी ऑनलाइन शिकत आहे. कॉलेजात जाणारी मुले श्रेयांकांसाठी एखादा विषय घेतात. नोकरी करणारे रात्री शिकतात. लग्नानंतर शिक्षण अर्धे राहिलेल्या सुनाही पदवी पुरी करण्यासाठी नाव नोंदवू लागल्या आहेत, याचा आम्हाला विशेष आनंद आहे. मंडळाकडे याबाबत ज्या चौकशा येतात, त्यांत विषय जड गेल्याची तक्रार क्वचितच असते. प्रमाणपत्र हातून जाते ते बहुधा तारीख चुकल्यामुळे, नावातील फरकामुळे किंवा घरबसल्या कोर्सची परीक्षाही घरबसल्याच होईल असे गृहीत धरल्यामुळे. म्हणून नेहमी विचारले जाणारे नियम येथे एकत्र देत आहोत.

नाव नोंदवण्यापूर्वी

‘ऑनलाइन कोर्स’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

पहिली म्हणजे ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या व्यासपीठावरील सुटे विषय. स्वयम ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्यातील अभियांत्रिकी, विज्ञान आणि व्यवस्थापनाचे पुष्कळसे विषय ‘एनपीटेल’कडून येतात. सात आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये हा उपक्रम सुरू केला. येथे शिकायला पैसे पडत नाहीत, मात्र प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे शुल्क भरून वेगळी नोंदणी करावी लागते. विषयाला नाव नोंदवले म्हणजे परीक्षेलाही नोंदले गेले असे होत नाही. दोन्हींच्या तारखा वेगळ्या असतात.

दुसरी म्हणजे विद्यापीठाची पूर्ण ऑनलाइन पदवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या विनियमांनुसार मान्यता मिळालेल्या विद्यापीठांनाच ती देता येते, आणि मान्यता अभ्यासक्रमागणिक असते. एखाद्या विद्यापीठाची बी.कॉम. मान्य आहे म्हणून त्याची एम.बी.ए.ही मान्य असेल असे धरू नये. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, औषधनिर्माण, कायदा अशा पदव्या पूर्णपणे ऑनलाइन देण्यास परवानगी नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरील यादी पाहावी.

तिसरी म्हणजे मुक्त किंवा दूरस्थ शिक्षण. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी याची एक बाजू नीट समजून घ्यायला हवी. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला दूरस्थ पदवी आपल्या राज्याच्या हद्दीतच देता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ मराठीतून शिकवते म्हणून बडोद्यात राहून तेथे दूरस्थ प्रवेश घ्यावा, असे अनेकांच्या मनात येते, पण ही हद्द आडवी येते. ऑनलाइन पदवीला मात्र राज्याची हद्द नाही. दूरस्थ पद्धतीनेच शिकायचे असेल, तर आपल्यासाठी अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ आहे आणि देशभर चालणारे इग्नू आहे.

ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवीला प्रवेश घेणाऱ्याला आता ‘डीईबी आयडी’ काढावा लागतो. त्यासाठी आधी श्रेयांक बँकेचा, म्हणजे एबीसीचा क्रमांक लागतो. दोन्ही विद्यार्थ्याने स्वतः काढायचे असतात. एजंटाच्या मोबाइल नंबरवर काढू देऊ नयेत.

नावाचा प्रश्न

हा भाग थोडा विस्ताराने लिहीत आहोत, कारण आपल्या घरांत तो हमखास उद्भवतो.

गुजरातमधील शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. आधार कार्डावर तेच नाव अनेकदा उलट क्रमाने येते. कोठे तरी एखाद्या कारकुनाने सवयीने ‘बेन’ किंवा ‘भाई’ जोडलेले असते, त्यामुळे ‘सुनीता’ दाखल्यावर सुनीता असते आणि आणखी कोठे सुनीताबेन होते. महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या मुलीची दहावी-बारावीची कागदपत्रे माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचे आणि बँकेचे खाते तिसऱ्याच रूपात. रोजच्या व्यवहारात यामुळे काही अडत नाही. परीक्षा केंद्राच्या दारात मात्र हॉल तिकीट आणि ओळखपत्र शेजारी शेजारी धरून पाहिले जाते.

शिवाय नोंदणीच्या वेळी जे नाव टाकाल तेच प्रमाणपत्रावर छापले जाते. छापून आल्यावर दुरुस्ती होणे अवघड असते. म्हणून आमचा सल्ला असा की, अर्ज भरायला बसण्याआधी आधार, दहावीचे गुणपत्रक आणि एबीसी खाते तिन्ही समोर ठेवावे. फरक असल्यास आधी आधार दुरुस्त करून घ्यावे आणि मगच प्रवेश घ्यावा. लग्नानंतर नाव बदललेले असल्यास विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नोंद हाताशी असू द्यावी. यात महिना-दीड महिना जाऊ शकतो, तेव्हा हे काम प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

हजेरी म्हणजे काय

वर्गातील हजेरी बाकावर बसल्याने लागते, ऑनलाइन वर्गात ती काम केल्याने लागते. व्हिडिओ पाहिला का, प्रश्नमंजूषा सोडवली का, चर्चेत काही लिहिले का, गृहपाठ दिला का, याची नोंद राहते. ऑनलाइन पदवीत ठरावीक सहभाग पूर्ण केल्याशिवाय सत्रान्त परीक्षेला बसता येत नाही. बहुतेक ठिकाणी ही अट ७५ टक्के असते. महिनाभर काहीच उघडले नाही आणि शेवटच्या चार दिवसांत सगळे व्हिडिओ चालू ठेवले, असे केल्याने भरपाई होतेच असे नाही.

एनपीटेलच्या विषयात आठवड्याला साधारण अडीच ते तीन तासांची व्याख्याने असतात. ती ऐकून टिपणे काढणे आणि गृहपाठ सोडवणे यांसाठी आणखी तेवढाच वेळ धरावा. नोकरी करणाऱ्याने एका सत्रात एकच विषय घ्यावा असे आम्हाला वाटते. उत्साहात तीन विषय घेतले जातात आणि तिन्ही अर्धे राहतात.

थेट तास असेल तेथे साधे शिष्टाचार पाळावेत. पडद्यावर स्वतःचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक असावा. वडिलांच्या मोबाइलवरून बसल्यास त्यांचेच नाव दिसते आणि हजेरी त्यांच्या नावावर जाते. बोलायचे नसेल तेव्हा माइक बंद ठेवावा, कुकरच्या शिट्ट्या सगळ्या वर्गाला ऐकू जातात. शिक्षकांना ईमेल करताना विषयाचे नाव आणि नोंदणी क्रमांक लिहावा, कारण त्यांच्यासमोर हजारो विद्यार्थी असतात. तासाचे रेकॉर्डिंग घरच्या ग्रुपवर पाठवू नये. त्यात इतर विद्यार्थ्यांचे आवाज आणि चेहरे असतात, आणि ते साहित्य संस्थेच्या मालकीचे असते.

गृहपाठ, गुण आणि नवरात्र

एनपीटेलचा गृहपाठ दर आठवड्याला असतो आणि त्याची मुदत साधारणपणे बुधवारी रात्री ११:५९ला संपते. लाइट गेली, नेट गेले, पाहुणे आले ही कारणे येथे चालत नाहीत. सूट आधीच नियमात ठेवलेली आहे. बारा आठवड्यांच्या विषयात बारांपैकी उत्तम आठ गृहपाठांचे गुण धरतात, आठ आठवड्यांच्या विषयात आठांपैकी सहा आणि चार आठवड्यांच्या विषयात चारांपैकी तीन.

जुलैचे सत्र गणपती आणि नवरात्र दोन्ही पोटात घेऊन चालते. बडोद्याच्या मुलांना नवरात्रात रात्री अकराला गृहपाठ करायला सांगणे व्यर्थ आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच त्या चार सुट्या सुरुवातीलाच आळसात खर्च करू नयेत. गणपतीच्या दिवसांत एक आणि गरब्याच्या दिवसांत दोन गेल्या तरी एक अडीअडचणीला राहते. त्यातही गृहपाठ आठवड्याच्या सुरुवातीलाच उघडून टाकला तर बुधवारची वाट पाहावी लागत नाही.

गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण वेगवेगळे मिळावे लागतात. गृहपाठात २२ आणि परीक्षेत २९ असे पडले तर बेरीज ५१ होते, पण प्रमाणपत्र मिळत नाही. ‘एक्कावन्न मिळूनही नापास कसे?’ असे पालक विचारतात, त्याचे उत्तर हेच. इतर संस्थांच्या विषयांत आणि ऑनलाइन पदव्यांत हे प्रमाण बहुधा ३० आणि ७० असे असते. आपल्या विषयाच्या माहितीपानावर ते पाहून घ्यावे.

स्वतःचे काम स्वतः

प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला काम स्वतः करण्याची हमी द्यावी लागते. बहुतेक जण न वाचताच त्यावर टिचकी मारतात. तिचा अर्थ साधा आहे: संकल्पनेवर मित्राशी किंवा चर्चेच्या पानावर बोलावे, पण मुदत संपण्याआधी उत्तरे देऊ-घेऊ नयेत. बुधवारच्या आत उत्तरे पुरवणारे व्हॉट्सॲप ग्रुप आणि व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांच्या आधारे गृहपाठात पैकीच्या पैकी गुण पडतात आणि मग परीक्षेतील ३० जमत नाहीत. वर दिलेली २२ आणि २९ची बेरीज अशीही तयार होते.

आपल्याकडची एक गोड अडचण म्हणजे शिकलेले नातेवाईक. काका निवृत्त प्राध्यापक, मावशी शाळेत मुख्याध्यापिका, मग निबंध त्यांच्याकडून ‘तपासून’ येतो आणि पाहता पाहता त्यांचाच होतो. त्यांनी समजावून सांगावे, प्रश्न विचारावेत, लिहून मात्र देऊ नये. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा आहे. कोठे भाषा सुधारण्यापुरती मुभा असते, कोठे मुळीच नसते. नियम लिहिलेला नसेल तर शिक्षकांना विचारावे. प्रबंध किंवा शोधनिबंध असेल तर आयोगाचे २०१८चे विनियम लागू होतात: साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही, त्यापुढे पायऱ्या आहेत आणि साठ टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते.

परीक्षा

एनपीटेलची परीक्षा केंद्रावर जाऊन, संगणकावर, तीन तासांची असते. नोंदणी करताना शहर निवडावे लागते, त्यामुळे ती लवकर करावी. छापील हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र दोन्ही न्यावे, मोबाइलमधील फोटोवर भिस्त ठेवू नये.

ऑनलाइन पदवीच्या काही परीक्षा घरून, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली होतात. तेथे खोलीत दुसरे कोणी नसावे, फोन आणि पुस्तके दूर असावीत, कॅमेरा पूर्ण वेळ चालू असावा अशी अट असते. मागून कोणी चहा ठेवायला आले तरी नोंद होते. दोन खोल्यांच्या घरात हे सोपे नाही. त्या दिवशी घरच्यांनी वेळ आधी ठरवून घ्यावी, नाही तर शेजाऱ्यांकडे एखादी मोकळी खोली मागावी. वाचनालयात बसून अशी परीक्षा देता येत नाही, कारण तेथे इतर वाचक असतात. अभ्यासासाठी मात्र तेथे कोणीही खुशाल यावे.

भाषा

शाळा मराठीत किंवा गुजरातीत झालेल्यांना इंग्रजी व्याख्याने पहिले काही दिवस वेगवान वाटतात. गती कमी करून आणि खाली उमटणारा मजकूर लावून ऐकावे. एनपीटेलच्या अनेक विषयांची लेखी भाषांतरे मराठीसह इतर भारतीय भाषांत मिळतात. ती समजून घेण्यास फार चांगली आहेत, पण परीक्षा बहुतेक विषयांत इंग्रजीतच होते, तेव्हा पारिभाषिक शब्द इंग्रजीतूनही पाठ असावेत.

श्रेयांक आपल्या पदवीत धरायचे असतील तर

विद्यापीठांना एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयममधून घेऊ देण्याची मुभा २०२१पासून आहे. ही मुभा विद्यापीठाला आहे, ती विद्यार्थ्याचा हक्क नव्हे. आपल्या विभागाने तो विषय स्वीकारला आहे का, हे नाव नोंदवण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. एनपीटेलच्या बारा आठवड्यांच्या विषयाला साधारण तीन, आठ आठवड्यांच्या विषयाला दोन आणि चार आठवड्यांच्या विषयाला एक श्रेयांक धरतात. निकाल लागल्यावर प्रमाणपत्राची प्रत विभागात देऊन पोच घ्यावी आणि एबीसी खात्यात श्रेयांक जमा झाले का, ते महिन्याभरात पाहावे. जमा झाले नसतील तर त्याच सत्रात अर्ज करावा.