जेनाचे भिंग, क्रास्नोगोर्स्कचा कारखाना आणि ४५.४६ मिलिमीटर

१/ जुन्या बाजारात एक काळे, जड, धातूचे भिंग हमखास दिसते. पुढच्या कड्यावर रशियन अक्षरांत ‘हेलिओस-४४-२’ असे कोरलेले असते. आजची तरुण मंडळी ते हौसेने विकत घेतात, आपल्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवतात आणि आठवड्याभरात तक्रार करतात : ‘चित्र धूसर येते, भिंग वाया गेलेले दिसते.’ आजचा धागा या तक्रारीच्या इतिहासाविषयी. दोष बहुतेक वेळा भिंगाचा नसतो.

२/ कथेची सुरुवात जर्मनीतील जेना या गावी होते. कार्ल त्साइस या प्रख्यात कंपनीत विली मेर्टे नावाचे गणिती भिंगांची आखणी करीत. त्यांच्या ‘बायोटार’ मालिकेतील ५८ मिलिमीटर, एफ/२ हे भिंग १९३० च्या दशकात ड्रेस्डेनच्या ‘किने एक्झाक्टा’ कॅमेऱ्यासाठी आले. चार गटांत सहा काचा, एवढीच त्याची रचना. तिचे मूळ त्याच कंपनीतील पाउल रुडोल्फ यांच्या १८९६ च्या ‘प्लानार’पर्यंत जाते.

३/ एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य जेनात शिरले. परंतु वाटपाच्या करारानुसार तो प्रदेश सोव्हिएत संघाकडे जायचा होता. जाताना अमेरिकनांनी शंभराहून अधिक तज्ज्ञ पश्चिमेकडे हलविले. पुढे ओबरकोखेन येथे पश्चिम जर्मन त्साइस उभी राहिली, ती यांतून. उरलेल्या कारखान्यातील यंत्रे युद्धभरपाई म्हणून पूर्वेकडे रवाना झाली. ऑक्टोबर १९४६ मध्ये तर अनेक जर्मन तंत्रज्ञांना कुटुंबांसह रेल्वेत बसवून सोव्हिएत संघात नेण्यात आले. एका कंपनीची अशी दोन तुकड्यांत फाळणी झाली.

४/ आणि मेर्टे? ते अमेरिकनांच्या वाट्याला आले. ओहायो राज्यातील डेटन येथे १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आखणीचा सोव्हिएत अवतार त्यांना पाहावयास मिळाला नाही.

५/ तो अवतार मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात घडला. बायोटारची आखणी सोव्हिएत काचेला जुळवून घेण्यात आली आणि १९५८ च्या ‘स्टार्ट’ कॅमेऱ्याबरोबर हेलिओस-४४ बाजारात आले. पुढे झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ते लाखोंच्या संख्येने निघाले. त्याला ‘चोरलेले जर्मन भिंग’ म्हणण्याची प्रथा आहे. मला ते अर्धसत्य वाटते. आखणी जर्मन खरी, पण तिला सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असे रूप क्रास्नोगोर्स्कने दिले.

६/ आता शीर्षकातील आकडा. १९४९ मध्ये पूर्व जर्मनीतील कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्याने ४२ मिलिमीटर व्यासाचा आट्यांचा सांधा रूढ केला. भिंग बाटलीच्या झाकणासारखे फिरवून बसवायचे. प्रॅक्टिका, पेंटॅक्स, झेनिट अशा अनेकांनी तो स्वीकारला. या सांध्यात भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ठरलेले असते : ४५.४६ मिलिमीटर. एवढी जागा लागते, कारण मध्ये आरसा हलतो.

७/ हे अंतर पाळले गेले नाही तर भिंग कितीही उत्तम असो, फोकस बिघडतो. कॅनन ईओएसच्या १९८७ च्या सांध्याचे अंतर ४४ मिमी. म्हणजे १.४६ मिमी जाडीचे कडे पुरते. निकॉन एफचे अंतर ४६.५ मिमी, म्हणजे भिंग आधीच एक मिलिमीटर जास्त पुढे बसते! त्या एका मिलिमीटरने सुमारे सव्वातीन मीटरच्या पलीकडचे सारे जग धूसर होते. म्हणूनच अशा ॲडॅप्टरमध्ये एक जादा काच घालतात, आणि ती काच मूळ भिंगाचा गुणच झाकोळते.

८/ पण कडे बरोबर असूनही माणसे चुकत होती, त्याचे कारण निराळे. जुन्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये भरड घासलेली काच असे. पुष्कळ कॅमेऱ्यांत मध्यभागी दुभंगलेले वर्तुळही असे. खांबाची रेषा त्यात तुटलेली दिसे आणि कडे फिरवता फिरवता दोन तुकडे जुळले, की फोकस साधला. डोळ्याला निर्णय करणे सोपे होते.

९/ १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि फोकस जुळविण्याचे काम मोटारीकडे गेले. आरशातून थोडा प्रकाश खालच्या संवेदकाकडे वळवावा लागे. शिवाय आता लोक मंद झूम भिंगे वापरीत. अंधार टाळण्यासाठी काच गुळगुळीत आणि उजळ करण्यात आली. त्याची किंमत फार थोड्यांच्या ध्यानात आली : अशी काच साधारण एफ/२.८ इतकीच फोकसची खोली दाखवते. तुम्ही एफ/२ चे भिंग लावा, व्ह्यूफाइंडरमध्ये नाक, डोळे, कान सगळे सुस्पष्ट दिसेल आणि प्रत्यक्ष चित्रात फक्त कान!

१०/ हिशेब करून पाहा. ५८ मिमी, एफ/२, समोरची व्यक्ती एक मीटरवर. पस्तीस मिमी फिल्मच्या नेहमीच्या निकषाने फोकसची खोली भरते सुमारे साडेतीन सेंटिमीटर. श्वास घेताना माणूस तेवढा हलतो. माझ्या आजीची अशी तीन छायाचित्रे मी घालविली आहेत. तिच्या चष्म्याची काडी मात्र तिन्हींत अप्रतिम आली आहे.

११/ सुटका २००८ मध्ये झाली, आणि तीही भलत्याच कारणाने. कॅमेरा लहान करावा म्हणून पॅनासॉनिकने जी१ मधून आरसाच काढून टाकला. बैठकीचे अंतर १९.२५ मिमीवर आले. सोनीच्या २०१० च्या ई सांध्यात ते १८ मिमी. आता मध्ये २७.४६ मिमीची पोकळ नळी बसविली, की हेलिओसला आपले जुने घर मिळते. काचेची गरजच नाही. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये जे दिसते ते घासलेल्या काचेवरचे नसून थेट सेन्सरवरचे.

१२/ त्यानंतर ‘पीकिंग’ आले, म्हणजे सुस्पष्ट कडांवर रंगीत रेघ. ही सोय व्हिडिओवाल्यांकडची. तिच्यावर फार विसंबू नये, असे मी सांगेन. यंत्राला कळतो तो केवळ कडेचा उठाव. पापणीवर रंग चढला म्हणजे बुबुळावर फोकस आहे असे नव्हे. उघड्या छिद्रावर जुने भिंग थोडे मऊ असते, तेव्हा तर रंग चढतच नाही किंवा सर्वत्र चढतो. डोळ्यावर चित्र मोठे करून पाहणे, कडे किंचित पलीकडे नेऊन परत आणणे, आणि दोन-तीन चित्रे घेणे, हेच भरवशाचे. मोठे करून जुळविल्यावर चौकट हलवू नये. या भिंगाचे फोकसचे प्रतल सपाट नाही, कडेकडे ते वाकते. चेहरा चौकटीत जिथे हवा, तिथेच मोठा करून पाहावा.

१३/ आणखी दोन गोष्टी. ‘भिंगाशिवाय छायाचित्र’ ही सोय मेनूमध्ये चालू करावी लागते, नाहीतर काही कॅमेरे चित्रच घेत नाहीत. कॅमेऱ्यात स्थिरीकरण असेल तर ५८ हा आकडा हाताने भरावा. हेलिओस-४४-२ वर छिद्राची दोन कडी असतात. एकावर आकडा ठरवायचा, दुसरे फिरवून छिद्र उघडायचे व मिटायचे. पूर्वी उघडून फोकस, मग मिटून चित्र, असा क्रम असे. आता सेन्सर अंधारातही पाहतो, म्हणून ज्या छिद्रावर चित्र घ्यायचे त्याच छिद्रावर फोकस जुळवावा.

१४/ तुमच्या हाती असे भिंग आले तर पुढच्या कड्यावरचा क्रमांक जरूर पाहा. पहिले दोन अंक बहुधा निर्मितीचे वर्ष असतात : ७७ म्हणजे १९७७. शेजारी प्रकाशकिरण वाकवणाऱ्या लोलकाचे चिन्ह असेल तर ते क्रास्नोगोर्स्कचे. हेच भिंग इतर सोव्हिएत कारखान्यांतही बनत असे, त्यांची चिन्हे निराळी. कोणाकडे कोणते वर्ष आहे ते खाली लिहा.