शिपायाचे पत्र आणि पोस्टमास्तरांची तक्रार

युद्धाचा इतिहास म्हटला की सेनापतींची नावे आणि लढायांच्या सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु शिपायाने घरी धाडलेले साधे पत्रदेखील कधी कधी इतिहासाचा मोलाचा दस्तऐवज ठरते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१-६५) काळातील अशाच दोन पत्रांची ही हकीकत आहे.

उत्तरेच्या सरकारने शिपायांना तिकीट न लावता पत्र धाडण्याची सवलत दिली होती. टपालखर्च पत्र घेणाऱ्याने भरावयाचा. पण कृष्णवर्णीय शिपायांपुढे अडचण होती ती अक्षरांची. त्यांच्या पलटणींत सुमारे १,८०,००० माणसे भरती झाली. त्यांतील बहुतेक कालपर्यंत गुलाम होते आणि दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला लिहावाचावयास शिकविणे हा गुन्हा होता. मिसुरी राज्याने १८४७ साली कृष्णवर्णीयांसाठी शाळा चालविण्यास कायद्याने बंदी केली होती.

याच मिसुरीतील स्पॉट्सवुड राइस हा गुलाम १८६४ साली सैन्यात दाखल झाला. धन्याच्याच मुलाने त्याला वाचावयास शिकविले होते, आणि त्याबद्दल धनी फार संतापला होता. मिसुरी उत्तरेच्या बाजूने राहिल्यामुळे लिंकन यांची १८६३ ची मुक्ततेची घोषणा तेथे लागू नव्हती. म्हणजे बाप सरकारचा शिपाई आणि मुली मात्र गुलाम!

सप्टेंबर १८६४ मध्ये सेंट लुई येथील लष्करी रुग्णालयातून राइसने दोन पत्रे लिहिली. एकात त्याने मुलींना धीर दिला, की प्राण गेला तरी चालेल, पण तुम्हांला सोडवीनच. दुसरे पत्र मुलगी मेरी हिच्या मालकिणीला होते. पूर्वी आपल्याच लेकीसाठी तो तिला ४० डॉलर देऊ करीत होता. ते तिने घेतले नाहीत हे बरेच झाले, असे त्याने लिहिले. मूल आपले आहे आणि हा हक्क देवाने दिलेला आहे, असे त्याने तिला ठणकावले.

मालकिणीचा भाऊ ग्लासगो गावचा पोस्टमास्तर होता. त्याने दोन्ही पत्रे सेनापती रोझक्रान्स यांच्याकडे धाडून राइसला राज्याबाहेर घालविण्याची मागणी केली. दैवाचा खेळ असा, की या तक्रारीमुळेच ती पत्रे लष्करी दप्तरात जाऊन पडली व टिकली. ११ जानेवारी १८६५ रोजी मिसुरीतील गुलामगिरी संपली. राइस पुढे धर्मोपदेशक झाला. मेरीने १९३७ साली, वयाच्या ८५ व्या वर्षी, आपल्या वडिलांची हकीकत सरकारी मुलाखतकारांना सांगितली.

ज्या अक्षरांची धन्याला भीती वाटत होती, त्याच अक्षरांनी एका बापाने आपल्या लेकीवरचा हक्क लिहून ठेवला. साक्षरतेचे मोल आपण नोकरी व पगार यांवरून मोजतो. मोजताना राइसची ही दोन पत्रेही ध्यानात असू द्यावीत.