झेंडू नक्की कुठला?

आमच्या सोसायटीच्या मागच्या मीटिंगमध्ये (पार्किंग आणि पाण्याचा टँकर हे नेहमीचे यशस्वी विषय संपल्यावर) एका काकांनी सुचवलं की गच्चीवरच्या बागेत यापुढे 'फक्त आपली' झाडं लावायची, विदेशी सगळी काढून टाकायची. माना डोलल्या. लगेच यादी झाली: तुळस, झेंडू, जास्वंद, चाफा, ब्रह्मकमळ, सदाफुली, मिरची, कढीपत्ता. एकमताने मंजूर. गंमत म्हणजे या आठातली पाच सरळसरळ समुद्रापलीकडून आलेली आहेत, आणि जास्वंदीच्या जन्मदाखल्यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू आहे. खात्रीने आपली म्हणावीत अशी उरतात दोन. तुळस आणि कढीपत्ता.

काकांची टिंगल करायचा हेतू नाही. प्रश्न चांगला आहे. 'आपलं' म्हणजे काय, हे ठरवायला कुठलं वर्ष धरायचं? म्हटलं, एक अख्खं वर्ष, ऋतूंच्या क्रमाने, कुंड्यांचा इतिहास लिहून काढू. सुरुवात जूनपासून करतो, कारण आपलं खरं वर्ष पावसानेच सुरू होतं. १ जानेवारीला फक्त अप्रेझलचं टेन्शन सुरू होतं :)

पावसाळ्यातला स्टार अर्थातच ब्रह्मकमळ. एका रात्री फुलतं, सकाळी मान टाकतं. शेजारीपाजारी बघायला येतात, कोणी हळदकुंकू वाहतं, आणि रात्री बारा वाजता सगळ्यांच्या मोबाईलवर तोच फोटो. पण हे झाड निवडुंगाच्या कुळातलं आहे आणि त्याचं माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिकडच्या दमट जंगलात ते दुसऱ्या झाडांच्या खोडांवर वाढतं. आपण ज्याला पान म्हणतो ते खरं तर चपटं झालेलं खोड. म्हणून तर फूल 'पानाच्या' कडेच्या खाचेतून येतं, आणि ते 'पान' कुंडीत नुसतं खोचलं तरी नवं झाड होतं. खरं ब्रह्मकमळ वेगळंच आहे. ते हिमालयात उंचावर उगवतं आणि उत्तराखंडचं राज्यपुष्प आहे. पुण्यातल्या गॅलरीत ते एक दिवसही टिकणार नाही. म्हणजे हा मेक्सिकन पाहुणा इथे आला आणि आपण त्याला थेट ब्रह्मदेवाचं आडनाव देऊन टाकलं!

पाऊस ओसरला की दसरा, आणि दसरा म्हणजे झेंडू. इथे मात्र जरा थांबायला हवं, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात भारी गोष्ट ही आहे.

झेंडूही मेक्सिकोचा. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेत पोचला, पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं. त्याआधी झेंडू इथे असणं शक्यच नाही. साधारणपणे तो पोर्तुगीजांबरोबर आला असं मानतात. गोव्यात आणि तळकोकणात झेंडूला 'रोजा' म्हणतात, आणि पोर्तुगीज भाषेत गुलाबाला जवळपास असाच शब्द आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळात (ज्ञानेश्वरी १२९० ची) आळंदीत झेंडूचं तोरण नव्हतं. शिवाजी महाराजांचा जन्म झाला (१६३०) तेव्हा झेंडूला या देशात येऊन फार तर सव्वाशे वर्षं झाली होती. दसऱ्याचा अस्सल जुना मानकरी म्हणजे आपटा आणि शमी. झेंडू नंतर आला आणि थेट दारावर जाऊन बसला.

युरोपात तर याहून मजा. तिथे हे फूल उत्तर आफ्रिकेमार्गे पोचलं म्हणून मोठ्या झेंडूला 'आफ्रिकन' म्हणायला लागले आणि छोट्याला 'फ्रेंच'. दोन्ही मेक्सिकन! ही नावं बियांच्या पाकिटांवर आजही छापलेली असतात.

आता खरा मुद्दा. मेक्सिकोत दरवर्षी १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. आपल्या सर्वपित्रीसारखाच, पण रंगीत. घरी परत येणाऱ्या पितरांना वाट सापडावी म्हणून दारापासून घरातल्या वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. म्हणजे आपण दसरा-दिवाळीला झेंडू दारावर बांधतो आणि साधारण त्याच दिवसांत ते लोक झेंडू दारापुढे अंथरतात. दोन संस्कृती, मध्ये अर्धी पृथ्वी, आणि फूल एकच. योगायोग?

नाही. नकाशा उघडून बघा. मेक्सिको सिटीचा अक्षांश १९.४, मुंबईचा १९.१, पुण्याचा १८.५. आपण एकाच आडव्या रेषेवर आहोत! तिथलाही पावसाळा साधारण जून ते सप्टेंबर. आणि अक्षांश एक म्हणजे दिवसाची लांबीही एक. पुण्यात सर्वात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वात लहान सुमारे अकरा तासांचा. मेक्सिको सिटीतही जवळपास तेच. लंडनमध्ये हेच आकडे साडेसोळा आणि आठ.

झाडाला दिवसाच्या लांबीशी काय देणंघेणं, असं कोणी विचारेल. अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड नावाच्या दोन शास्त्रज्ञांना हेच कोडं पडलं होतं. तंबाखूची एक जात उन्हाळाभर नुसती वाढत सुटायची, फुलायचं नाव नाही, आणि हिवाळ्यात काचघरात ठेवली की फुलायची. तापमान, पाणी, खत, सगळं बदलून पाहिलं. शेवटी त्यांनी झाडं रोज काही तास अंधाऱ्या खोपटात ठेवून 'दिवस' लहान केला, आणि भर उन्हाळ्यात फुलं आली. १९२० मध्ये त्यांनी हे छापलं. पुढे १९३८ मध्ये कळलं की झाड खरं तर दिवस नाही, रात्र मोजतं. आपल्या भाषेत सांगायचं तर अशा झाडांत एक क्रॉन जॉब आहे आणि त्याचं ट्रिगर आहे अंधाराचे तास.

मोठा झेंडूही रात्री लांबू लागल्या की लवकर कळ्या धरतो. त्याला सातासमुद्रापार आणलं, पण त्याच्या घड्याळाला ते कळलंच नाही! पाऊस तोच, रात्र तीच. त्याने नेहमीच्या वेळी फुलं दिली, आणि आपल्याकडे नेमका त्याच वेळी एक सण तयार होता. कोणी ठरवून केलेलं नाही. कॉन्फिग फाईलमध्ये एक ओळही न बदलता नव्या सर्व्हरवर पहिल्या झटक्यात चालणारं हे एकमेव सॉफ्टवेअर असावं.

(जाता जाता कामाची टीप. दसऱ्याचं वाळलेलं तोरण टाकून देऊ नका. फूल चुरगाळलं की पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या बारीक काड्या दिसतात, तेच बी. जपून ठेवा आणि पुढच्या जुलैत पेरा. बाजारातलं फूल संकरित असेल तर पुढची पिढी आईबापांसारखीच निघेल याची गॅरंटी नाही, पण फुलं येतात.)

हिवाळा हा गॅलरीतल्या भाजीवाल्यांचा सीझन. रात्री फार उबदार असल्या की टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळतात, म्हणून आपल्याकडे घरच्या कुंडीला थंडीच बरी. टोमॅटो हा शब्दच मेक्सिकोतल्या नाहुआट्ल भाषेतल्या 'तोमात्ल'वरून आलेला. आपल्या जुन्या पिढीने मात्र त्याला वेलवांगी म्हटलं, विदर्भात भेदरं म्हणतात. ओळखीच्या वांग्याचं नातं लावून अनोळखी फळ स्वयंपाकघरात घेतलं. मिरचीचंही तेच. मिरीसारखी तिखट म्हणून मिरची. आता यातला विनोद बघा: कोलंबस निघाला होता मिरीच्या देशाला, पोचला मिरचीच्या देशात. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला तोही मिरीसाठीच. त्यांनी आपल्याकडून मिरी नेली आणि बदल्यात मिरची दिली. ठेच्याचा विचार करता या व्यवहारात आपण फायद्यात राहिलो असं माझं स्पष्ट मत आहे.

फेब्रुवारीपासून पुढे बोगनवेल. हिचं पाणी तोडलं की ही बहरते, त्यामुळे सुट्टीला गावी जाणाऱ्यांसाठी आदर्श. ही मूळची दक्षिण अमेरिकेची. १७६७ मध्ये फ्रेंच कप्तान बूगेनव्हिल पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला असताना त्याच्या ताफ्यातल्या कोमेर्सों नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये हिचे नमुने गोळा केले. त्याच्याबरोबर एक 'नोकर' होता, जो प्रत्यक्षात झान बारे नावाची बाई होती. बायकांना जहाजावर बंदी, म्हणून ती पुरुषाच्या वेशात. पायाने अधू झालेल्या कोमेर्सोंच्या वाटची डोंगर तुडवण्याची कामं तीच करायची. पृथ्वीला फेरी मारणारी पहिली ज्ञात स्त्री ती. वेलीला नाव मिळालं कप्तानाचं. तिच्या नावाने एखादी वनस्पती यायला २०१२ साल उजाडावं लागलं, आणि तीही निघाली वांग्या-बटाट्याच्या जातकुळीतली. प्रोजेक्टचं क्रेडिट कोणाला मिळतं, हा प्रश्न आयटीत नव्याने आलेला नाही.

आणि बारमाही, कोणी पाणी घातलं नाही तरी भिंतीच्या फटीत उगवणारी सदाफुली? ती मादागास्करची. १९५२ मध्ये जमैकातून कॅनडातल्या एका डॉक्टरांकडे तिची पाकिटभर पानं पोचली, कारण तिथे मधुमेहावर तिचा काढा घेत असत. डॉक्टरांच्या भावाने प्रयोग करून पाहिले. साखरेवर काही परिणाम दिसला नाही, पांढऱ्या पेशी मात्र कमी झाल्या. त्यातून १९५८ मध्ये विनब्लास्टिन हाती आलं, पुढे विनक्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर विनक्रिस्टिन आजही वापरतात. (कृपया घरी पानं चावू नका. झाड विषारी आहे.)

आता मूळ प्रश्नाकडे. कोण कुठला, हे खोदत बसण्याचा शेवट कुठे होतो याचं एक उदाहरण याच मातीतलं आहे, आणि तेही एका बागवाल्याचं.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. पूर्वज ज्यू, सक्तीने ख्रिस्ती केलेले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. मुंबई बेट त्याच्याकडे भाड्याने होतं (हो, अख्खं बेट!) आणि तिथे त्याची बाग होती. भारतातल्या वनस्पतींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात आपला पारिजातक आहे. रात्री फुलून पहाटे सगळं सांडून टाकणाऱ्या या झाडाला त्याने नाव दिलं 'दुःखी झाड'. पुढे १७५३ मध्ये लिनियसने दिलेल्या शास्त्रीय नावातही हे दुःख कायम राहिलं. म्हणजे झेंडू इकडे आला तसा आपला पारिजातकही तिकडच्या पुस्तकांत गेला.

ऑर्ता १५६८ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी गोव्यात त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जाळलं. १५८० मध्ये तो स्वतःही मनातून ज्यूच होता असा निकाल देऊन त्याची हाडं उकरून जाळण्यात आली. आयुष्यभर 'हे झाड कुठून आलं, कशाला उपयोगी पडतं' असं विचारणाऱ्या माणसाला मेल्यावर बारा वर्षांनी विचारलं गेलं, तू मुळात कुठला?

म्हणजे काहीही लावा, सगळंच गोड, असं म्हणायचं का? अजिबात नाही. घाणेरीही अमेरिकेतून शोभेचं झाड म्हणूनच आली होती, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आज ती जंगलं गिळते आहे. २०२० च्या एका अभ्यासानुसार भारतातल्या वाघांच्या ४० टक्क्यांहून जास्त क्षेत्रात ती पसरली आहे. तिच्याखाली गवत उगवत नाही, गवत नाही म्हणून हरणं नाहीत, आणि पुढचं तुम्हाला कळलंच असेल. झेंडूही अमेरिकेचा आणि घाणेरीही अमेरिकेचीच. पासपोर्ट एकाच खंडाचा, वागणूक एकदम वेगळी.

म्हणून माझी कसोटी वेगळी आहे. झाड कुठून आलं हे जरूर माहीत असावं, पण त्याला ठेवायचं की नाही हे इथे येऊन त्याने काय केलं त्यावरून ठरवावं. शेजारच्याला जगू देतं का? फुलपाखरांना, मधमाश्यांना काही देतं का? आपल्याकडच्या पावसाशी त्याचं जमतं का? आणि पारिजातक, अबोली, सोनचाफा, आपटा ही अस्सल इथली मंडळी नर्सरीत मागच्या रांगेत धूळ खात पडली असतील, तर एक कुंडी त्यांच्यासाठी मुद्दाम राखून ठेवावी. इतरांना हाकलून नव्हे, जरा सरकायला सांगून.

शेवटी हिंजवडीत बसून हे लिहिणारा मीही 'मूळचे कुठले?' या प्रश्नाला पुण्याचं नाव सांगू शकत नाहीच.