गच्चीवरची सीमारेषा

सीमाभागाचा इतिहास लिहिताना आपण आयोग, ठराव, मोर्चे आणि शाळांची माध्यमे यांविषयी लिहितो. ते योग्यच आहे. पण आमच्या गुडीहत्नूरच्या घरांवर जो ॲल्युमिनियमचा सांगाडा दोन-तीन दशके उभा होता, त्याचाही या इतिहासाशी संबंध आहे. कोणती भाषा संध्याकाळी फुकट घरात येणार आणि कोणती भाषा पैसे मोजून आणावी लागणार, हे या सांगाड्याने बरेचसे ठरवले.

थोडे मागे जाऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट, राजुरा आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. पुढे २ जून २०१४ रोजी तेलंगण झाले, २०१६ साली आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले. घरातली मराठी मात्र प्रत्येक वेळी होती तिथेच राहिली. किनवट आमच्यापासून सरळ रेषेत ३०-३५ किलोमीटर. सोयरिकी तिकडे, बाजारहाट दोन्हीकडे. रेषा नकाशावर होती. रोजच्या जगण्यात ती फारशी आडवी येत नसे.

दूरदर्शन देशात सुरू झाले १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. मुंबईला ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले, हैदराबादला १९७७ साली. मधल्या काळात, ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६, अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग झाला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, दहा फुटी छत्र्या त्यासाठी वापरल्या होत्या. त्या सहांत आंध्र होता, महाराष्ट्र नव्हता. १९८३ साली इन्सॅट-१बी आकाशात गेला आणि १९८४ साली काही महिने तर देशात जवळजवळ रोज एक नवा प्रक्षेपक उभा राहत होता. जिल्ह्याच्या गावी शंभर वॉटचा लहानसा प्रक्षेपक आणि त्याभोवती २०-२५ किलोमीटरचे वर्तुळ, अशी ती योजना. आदिलाबाद आमच्या उत्तरेला १६-१७ किलोमीटरवर. आम्ही वर्तुळाच्या आत होतो, पण काठाकडे. त्यामुळे अँटेना नीट निवडणे आणि नीट लावणे याला आमच्याकडे मोल होते.

ज्याला आपण नुसते 'अँटेना' म्हणायचो, त्याचे नाव यागी-उदा. जपानमधल्या सेंदाई येथील विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास तो जगापुढे मांडला. त्याची रचना सोपी. मधला दुमडलेला दांडा लहर पकडतो. मागचा किंचित लांब दांडा आरशासारखा लहर परत पुढे फेकतो. पुढचे क्रमाने आखूड होत गेलेले दांडे तिला वाट दाखवतात. म्हणून आखूड दांड्यांचे तोंड प्रक्षेपकाकडे हवे.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असे चॅनेलचा. मधल्या दांड्याची लांबी लहरीच्या निम्म्याएवढी लागते. मुंबईच्या चौथ्या चॅनेलसाठी ती साडेसात-आठ फूट भरे, तर दहाव्या चॅनेलसाठी जेमतेम सव्वादोन फूट. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या पाहुण्याने गच्चीवरचा मोठा अँटेना प्रेमाने आणून दिला, तरी तो दुसऱ्या चॅनेलच्या गावी उपयोगी पडेलच असे नाही. दुसरा प्रश्न वायरचा. चपटी वायर स्वस्त, पण पावसात भिजली आणि पत्र्याला टेकली की चित्र बिघडे. गोल वायर टिकाऊ, पण ती जोडायला मध्ये एक छोटी डबी लागे. तिसरा बूस्टर. तो चित्राबरोबर खरखरही वाढवतो, म्हणून तो खाली टीव्हीजवळ न लावता वर अँटेनाजवळ लावायचा, हे जाणकार कारागीर आधी सांगे.

मग उभारणी. लोखंडी पाईप किंवा चांगला वाळलेला बांबू, तीन बाजूंनी ताणाच्या तारा, आणि वर एक माणूस, खिडकीत एक, टीव्हीसमोर सारे घर. वरून "आलं का?" अशी हाक. शेजारच्या घरावरून "वच्चिंदा?" खालून उत्तर, "मुंग्याच आहेत!" किंवा "रालेदु!" मुंग्या गेल्या की भूत, म्हणजे डोंगरावर आपटून उशिरा पोचलेल्या लहरीमुळे दिसणारी दुसरी आकृती. ती घालवायला अँटेना चार बोटे फिरवावा लागे. रविवारी सकाळी रामायण लागायच्या आत हे सारे उरकायचे. २५ जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ हा आमच्या भागातल्या गच्च्यांवरचा सर्वांत गजबजलेला काळ असावा.

एक गोष्ट मला तेव्हापासून नवलाची वाटत आली आहे. आमच्या घरावरचा अँटेना उत्तरेला तोंड करून होता. त्याच दिशेला आदिलाबाद, पुढे पैनगंगा आणि पलीकडे यवतमाळ. दांडा महाराष्ट्राकडे रोखलेला, आणि संध्याकाळी त्यातून उतरे ती हैदराबादची तेलुगू! कारण आदिलाबादचा प्रक्षेपक हा नुसता पुन्हा फेकणारा. दिल्लीचे आणि हैदराबादचे कार्यक्रम उपग्रहावरून घ्यायचे आणि आजूबाजूला पसरायचे, एवढेच त्याचे काम. मराठी घरांच्या वाट्याला उरे तो रविवारी दुपारचा प्रादेशिक चित्रपट. त्यात मराठीची पाळी केव्हा येते याची वाट पाहायची.

नांदेडचे चित्र पकडण्यासाठी काठ्या उंच करणारे हौशी लोकही होते. त्यांचा हट्ट मला समजतो, पण गणित त्यांच्या विरुद्ध होते. या लहरी बहुतेक सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. ३० फुटी काठीवरून क्षितिज सुमारे १२ किलोमीटरवर. काठी ६० फूट केली तरी साडेसतरा. पलीकडचा मनोरा शंभर मीटरचा धरला तर त्याचे ४१. बेरीज साठाच्याही आत, आणि नांदेड १३० किलोमीटरच्या पुढे! वारा पडलेल्या एखाद्या रात्री, हवेचे गरम-थंड थर उलटे बसले की दूरचे चित्र क्षणभर डोकावते खरे; पण त्यावर 'आमची माती आमची माणसं' रोज पाहता येत नाही.

याचा परिणाम काय झाला? आमची मुले पडद्यावरून तेलुगू शिकली, आणि चांगली शिकली. त्याचे मला दुःख नाही. शेजाऱ्याची भाषा येणे ही कमाईच आहे. दुःख एवढेच, की बातमीची, शेतीसल्ल्याची, नाटकाची मराठी त्यांच्या कानावर पडली नाही. घरची मराठी जेवणाखाणाची आणि सणावाराची राहिली. १५ ऑगस्ट १९९४ रोजी दूरदर्शनची मराठी वाहिनी सुरू झाली, पुढे २००० साली ती 'सह्याद्री' झाली. पण ती आमच्याकडे आली ती केबलवाल्याच्या मर्जीने आणि महिन्याच्या पैशांनी.

मग काळ फिरला. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मासिक वर्गणी नसलेली छत्री-सेवा आली. तिला आज 'फ्री डिश' म्हणतात. तिच्यावर सह्याद्री दिसते. फेब्रुवारी २०१६ मध्ये साध्या अँटेनावरचे डिजिटल प्रक्षेपण १६ शहरांत सुरू झाल्याचे जाहीर झाले. त्यांत तेव्हाचे औरंगाबाद होते, आदिलाबाद नव्हते. जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक मात्र बंद होत गेले. मोक्याच्या जागचे पन्नासेक सोडून बाकीचे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरले होते.

आज गुडीहत्नूरला फुकट मराठी हवी असेल तर दोन फुटी छत्री आग्नेयेला, जमिनीपासून सुमारे ६० अंश उंच रोखावी लागते. उपग्रह तिथे आहे. म्हणजे दांडा मराठी मुलखाकडे होता तेव्हा तेलुगू आली, आणि छत्री आता तेलुगू मुलखावरच्या आकाशाकडे वळली तेव्हा मराठी आली. लहरींना डोंगर अडवतो, राज्याची हद्द अडवत नाही. हद्द पाळली ती कोणत्या मनोऱ्यावरून काय दाखवायचे हे ठरवणाऱ्या कागदाने.

म्हणून दुभाषी जिल्ह्यांतल्या कुटुंबांना माझे सांगणे साधे आहे. जुना सांगाडा अजून वर असेल तर भंगारात देण्याआधी मुलांना एकदा दाखवा; तो कुठे रोखला होता आणि काय आणत होता, ते सांगा. आणि छत्री लावलीच असेल, तर सायंकाळी अर्धा तास मराठी बातम्यांना द्या. जी भाषा आपल्याला मिळवायला काठ्या उंच कराव्या लागल्या, ती आता बटणाच्या अंतरावर असताना न ऐकणे, हे मात्र कोणत्याही आयोगाच्या माथी मारता येणार नाही.